जाळं ओढणारी माणसं

नागपूरच्या चित्रशाळेचं पत्र १९५७ च्या मे महिन्यात आलं. माथ्यावर छापलेलं ‘मध्यप्रदेश’ शाईने खोडून वर हातानेच ‘मुंबई राज्य’ लिहिलं होतं. बारा जूनला सकाळी दहाला मुलाखत होती आणि सोबत बारा चित्रं आणायची होती. त्यातलं निदान एक चित्र काम करणाऱ्या माणसांच्या समूहाचं, प्रत्यक्ष समोर बसून काढलेलं असावं, अशी अट होती.

आमचं गाव आरमोरीपासून तीन कोसांवर. आम्ही ढिवर, मासे धरणारे. गावाच्या उगवतीला मोठं तळं आहे, त्यावरच आमची चूल पेटायची. मी ब्रह्मपुरीला राहून मॅट्रिक झालो होतो. तिथल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी माझा अर्ज स्वतः भरून पाठवला होता. घरात मीच पहिला शिकलेला, आणि मास्तरांनी बाबांना सांगून ठेवलं होतं की ही संधी हुकली तर दुसरी नाही.

अकरा चित्रं तयार होती. समूहचित्रासाठी तळ्याखेरीज दुसरं काही सुचलंच नाही. उन्हाळ्यात पाणी कमरेएवढं उतरलं की माझे बाबा मनसाराम, मुखरूकाका, इतवारी, दसरू आणि बिरजू असे पाच जण सकाळी मोठं जाळं ओढायचे. जाळं त्या पाच घरांचं होतं, त्याला सहावा हात लागत नसे.

मी तळ्याच्या पाळीवर, बांधावरच्या जांभळाखाली बसलो आणि दोन तासांत चित्र काढलं. पाण्यात अर्धे बुडालेले देह, ताणलेल्या पाठी, प्रत्येकाच्या कमरेभोवती फुटणारी पाण्याची वर्तुळं. मन लावून काढलं. घरी आल्यावर आईने, गोकुळाने, हात पुसून ते उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

“हा कोन?” तिने विचारलं.

जाळ्याच्या डाव्या टोकाला, इतरांपासून हातभर दूर, एक माणूस पाठमोरा उभा होता. मी मोजले. सहा होते.

मला भीती वाटली नाही, राग आला. कारण पत्रू त्या दिवसांत गावातच होता. पत्रू माझा ब्रह्मपुरीच्या शाळेतला सोबती. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि आदल्या वर्षी त्याच चित्रशाळेने त्याला परत पाठवलं होतं. उन्हाळ्यासाठी तो आपल्या मावशीकडे आला होता. चित्रांचा जाड कागद त्यानेच मला दिला होता, चित्रं ठेवायची पत्र्याची पेटीही त्याचीच. मी तळ्यावरून आलो तेव्हा तो आमच्या ओसरीवर बसलेला होता, आणि मी विहिरीवर हातपाय धुवायला गेलो तेवढा वेळ चित्र तिथेच पडून होतं. हात चांगला होता त्याचा. माझी रेघ त्याला सहज उचलता आली असती.

ती आकृती मी भिंग लावून तपासली. पेन्सिल तीच, दाब तोच. एकच चूक होती. बाकी पाचांच्या कमरेभोवती वर्तुळं होती, त्याच्याभोवती पाणी सपाट होतं. मला वाटलं, तळ्यावर न बसता घरात बसून काढणाऱ्याकडूनच असं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी मी नव्या कागदावर पुन्हा काढलं. कोणाला न दाखवता थेट पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. दुपारभर पेटी माझ्या उशाशी होती. ऊन कलल्यावर उघडली.

सहा.

पेटी पत्रूची होती, तेव्हा दुसरी किल्लीही त्याच्याजवळ असणार. मी तडक त्याच्या मावशीच्या घरी गेलो. मावशी, कमळाबाई, सूप घेऊन अंगणात बसली होती. तिच्यासमोरच मी त्याला बोललो. तुला मिळालं नाही म्हणून मलाही मिळू नये असं तुला वाटतं, इथपर्यंत बोललो. कमळाबाई सूप खाली ठेवून आत निघून गेली. मग पत्रूने खिशातून दुसरी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

“उद्या मी तुझ्या बाजूले बसतो,” तो म्हणाला. “तू काढ. मी पाहून राहीन. मंग बोल मले काय बोलाचं ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा पडलेली होती. पाणी तेलासारखं जड दिसत होतं. पत्रू माझ्या उजव्या हाताला, माझा कागद दिसेल असा बसला. सुरुवातीला त्याने तळ्यातली माणसं नावं घेऊन मोजली. मनसारामभाऊ, मुखरूभाऊ, इतवारी, दसरू, बिरजू. मीही मोजली. पाच.

मी काढत गेलो. जाळं टेकल्याचा, सुटल्याचा चुबुक आवाज येत होता. मधेच पत्रू थोडा मागे सरकल्याचं मला जाणवलं, पण मी मान वळवली नाही. तासाभराने मी पेन्सिल ठेवली आणि मग मोजलं.

डाव्या टोकाला तो होता. पाठमोरा, पण आता मान किंचित आमच्याकडे वळलेली. गालाची कड दिसत होती, चेहरा नाही.

“तूच काढला,” पत्रू हळूच म्हणाला. “त्यालेच तू पयले काढला. बाकीचे मागून काढले.”

मी विचारलं, मग मला थांबवलं का नाहीस.

“मले वाटलं, तुले तो दिसून राह्यला.”

तो उठला आणि पाळीवरून न जाता लांबच्या वाटेने, धानाच्या कोरड्या बांध्यांतून घरी गेला. त्यानंतर तो तळ्यात आंघोळीला उतरला नाही. मीही नाही.

शेवटी मी चित्र बाबांना दाखवलं. बाबांना अक्षरओळख नव्हती, पण माणसं ते पाठीवरून ओळखायचे. त्यांनी बोट ठेवत नावं सांगितली. हा मी, हा मुखरू, हा इतवारी. बोट डाव्या टोकाकडे आलं आणि त्या आकृतीला न शिवता, झोपलेल्या माणसाला वळसा घालावा तसं, बाजूने पुढे गेलं. त्यांनी पाच नावं सांगितली आणि चित्र परत दिलं. सहाव्याबद्दल मी विचारलं. त्यांनी जाळ्याची सुटलेली गाठ हातात घेतली आणि म्हणाले, “हे नको नेऊ.”

का, ते सांगितलं नाही. मी पुन्हा विचारल्यावर ते उठून बाहेर गेले.

मी पहिल्या चित्रातली ती आकृती खोडून पाहिली. खोडरबराने कागदाची साल निघाली, पण रेघ खाली होतीच. चौथ्यांदा काढायची मला हिंमत नव्हती आणि दिवसही उरले नव्हते. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या चित्रात सर्वांत जिवंत तोच उतरला होता. मी ते शेवटचं चित्र घेतलं.

जायच्या दिवशी पत्रू वैनगंगेपर्यंत आला. पाणी घोट्याएवढंच होतं, पण वाळू लांबपर्यंत होती. पेटी त्याने डोक्यावर घेतली आणि पलीकडच्या काठावर उतरवली. मी माफी मागायला तोंड उघडलं.

“कोनी पुसलं तर सहाही आमच्या गावचेच म्हन,” तो म्हणाला आणि पाण्यात उतरून परत फिरला.

ब्रह्मपुरीहून छोट्या लाइनच्या गाडीने नागभीड, तिथून दुसऱ्या गाडीने नागपूर.

मुलाखतीची खोली लांबट होती, वर कौलातून उजेड येत होता. तीन परीक्षक टेबलामागे बसले होते. समोर मोकळ्या फरशीवर एक लाकडी स्टूल होतं. मी बारा चित्रं मांडली. चष्मा लावलेले एक परीक्षक तळ्याच्या चित्रापाशी थांबले. इतर पाच जण थोडे ताठर आहेत, पण हा डावीकडचा फार जवळून पाहिलेला दिसतो, असं ते म्हणाले. कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मी पत्रूने सांगितलं तेच सांगितलं.

मग ते म्हणाले, “आता एक बसलेला माणूस काढा. अर्धा तास.”

मी फळीवर कागद लावला. पेन्सिलीला टोक केलं आणि वर पाहिलं. स्टुलावर एक माणूस येऊन बसला होता. बाजूच्या दाराने आणला असावा, उमेदवारांसाठी असा माणूस बसवतात हे मास्तरांनी मला सांगितलं होतं. पन्नाशीचा, उघडा, गुडघ्यापर्यंत धोतर. केस कपाळाला चिकटले होते. जूनचा उकाडा होता, माझेही चिकटले होते. तो सरळ माझ्याकडे पाहत होता.

इतका स्थिर बसणारा माणूस मला आयुष्यात मिळाला नव्हता. श्वासाने छातीही हललेली दिसली नाही. मी चेहरा नीट काढला. हात काढले. बोटांची कातडी सुरकुतलेली होती, तीही काढली.

वेळ संपल्यावर मी आधी मोजलं. कागदावर एकच माणूस होता. किती दिवसांनी माझा श्वास मोकळा झाला.

मी कागद नेऊन टेबलावर ठेवला. तिघेही वाकून पाहू लागले. चष्मेवाल्या परीक्षकांनी दुसऱ्या दोघांकडे पाहिलं.

“आठवणीतून बसलेला माणूस काढायला सांगितला की मुलं बाहुल्या काढतात,” ते म्हणाले. “हे पाहा. बोटं पाहा.”

मी वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

मी म्हणालो, “सर, ते समोर बसले होते ना.”

“अगदी बरोबर,” ते खूश होऊन म्हणाले. “असंच समोर बसवता आलं पाहिजे.”

त्यांनी यादीत माझ्या नावापुढे खूण केली. मला ती दिसली.

पुढच्या उमेदवाराला आत बोलावण्याआधी शिपाई आला. त्याने स्टूल उचलायला हात लावला आणि थांबला. खांद्यावरचा गमछा काढून त्याने बैठक पुसली, मग चारही पाय पुसले. मग दाराबाहेर जाऊन त्याने तो गमछा दोन्ही हातांनी पिळला.