नदी आली, त्याला सांग

म्झामोला घरी आणायला निघायचं ठरलं, तेव्हा खेथिवेने सगळ्यात आधी फोन चार्जिंगला लावला.

म्झामो तिचा धाकटा भाऊ. किनाऱ्याकडच्या हमरस्त्यावर, उसाच्या मळ्यांमधल्या एका वळणावर त्याची गाडी उलटली होती. देह गावी आला, पुरलाही गेला. पण जीव जिथे गेला तिथून त्याला कुणी आणलं नव्हतं. आई रोज संध्याकाळी खाली रस्त्यावरच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. “तो अजून वाटेतच आहे,” एवढंच म्हणायची आणि ताट झाकून ठेवून उपाशी झोपायची.

आणायची रीत साधी होती. उम्फाफाची, बोरीसारख्या काट्यांची फांदी घेऊन त्या जागी जायचं, नाव घेऊन हाक मारायची. मग फांदी मांडीवर धरून घरापर्यंत यायचं आणि वाटभर फक्त त्याच्याशीच बोलायचं. म्झामो, आता वळतोय. म्झामो, नदी आली, चल. जिवंत माणसाशी एक शब्दही नाही. एखादं वळण सांगायचं राहून गेलं, तर तो तिथेच राहतो.

फांदी मीच धरणार, असा खेथिवेने हट्टच धरला. स्कॉटलंडात शिकून ती नुकतीच परतली होती. तिकडे कुणी तिच्या घरच्या रीतींबद्दल विचारलं की तिला धड सांगता यायचं नाही, आणि ते तिला फार लागायचं. थोरल्या बाबांनी, म्हणजे तिच्या वडिलांच्या मोठ्या भावाने, अजिबात हरकत घेतली नाही.

“धर बाई तूच,” ते म्हणाले. “मी गाडीत बसलो की घोरायला लागतो. तुझ्या आत्याला आणताना एशोवेला डोळा लागला माझा. म्हातारी अजून तिथल्या बाजारात टोमॅटो दाबून बघत फिरत असेल.”

“म्हणून तर हे केलंय, थोरले बाबा.” तिने फोन पुढे केला. वाटेतली प्रत्येक जागा तिने नकाशावर नोंदवली होती. फोन त्या जागी पोचला की आपणहून वाजणार आणि काय बोलायचं ते दाखवणार. “शहरात वाढलेल्या पोरांना वाट माहीत नसते. उद्या हे सगळ्या घरांच्या कामी येईल. कुणीच मागे राहणार नाही.”

“आणि फोनलाच झोप लागली तर?”

“फोन झोपत नाही.”

“मग त्याचं लग्न लावून दे माझ्याशी,” थोरले बाबा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी आई जराशी हसली.

गाडी उलटली त्या वळणावर ऊस जाळून नुकताच तोडला होता. हवेत गोडसर, करपलेला वास होता. खेथिवेने हाक मारली. फांदीचं एक पान हललं, किंवा हलल्यासारखं वाटलं. ती व्हॅनमध्ये बसली. शेजारची जागा म्झामोसाठी रिकामी ठेवली होती. चालक फुमलानीने न सांगताच त्या जागेवर धुतलेलं कापड अंथरलं.

फोन वाजत गेला, ती सांगत गेली. म्झामो, हमरस्ता सोडतोय. म्झामो, हे एशोवे, इथे चढ आहे. थोरले बाबा केव्हाच घोरत होते. धुकं उतरू लागलं होतं आणि दोन्ही बाजूंना नुसता ऊस.

“नदीच्या पुलावर ट्रक आडवा झालाय म्हणे,” फुमलानी पुढून म्हणाला. “मी मळ्यातून घालतो गाडी. वरच्या अंगाने निघू.”

तिला बोलता येत नव्हतं. तिने फोनकडे पाहिलं आणि वाट पाहिली. फोन गप्प होता, म्हणून तीही गप्प राहिली. डांबरी रस्ता संपला, चाकांखाली खडी करकरू लागली, तरी ती पडद्याकडेच बघत होती. मग एकदम तिच्या लक्षात आलं. या वाटेची एकही जागा तिने नोंदवली नव्हती. वळण मागे पडलं होतं आणि तिने ते सांगितलंच नव्हतं.

“म्झामो,” ती घाईघाईने पुटपुटली, “वळलो आपण. इकडे ये... इकडे.”

पुढे ओढ्यावरच्या लाकडी साकवापाशी गुरं आडवी आली. व्हॅन थांबली. बाजूचं सरकतं दार नीट लागत नव्हतं. ते आपणहून हातभर उघडलं. ओल्या चिखलाचा वास आत आला. फुमलानीने उतरून दार लोटलं. गाडी निघाली, आणि शेजारची गादी हळूच दबली.

खेथिवेला रडूच आलं. आला, तिला वाटलं. पळत येऊन गाठलं त्याने आपल्याला.

घरी ते मागच्या बाजूने, गुरांच्या वाटेने पोचले. फांदी गोल झोपडीत मागच्या भिंतीपाशी, पूर्वजांच्या जागी ठेवली. अंगणात बोकडाचं मांस शिजत होतं, बिअरचं मडकं फिरत होतं. आई जेवली. सगळ्यांसमोर, पोटभर जेवली.

तेवढ्यात खेथिवेच्या हातातला फोन वाजला.

*नदी आली, त्याला सांग.*

“आता कसली नदी?” थोरले बाबा म्हणाले. “तुझा फोन आत्ता जागा झाला वाटतं.”

“तो जागेवर पोचल्याशिवाय वाजत नाही,” ती म्हणाली. “आणि... फोन तर इथे आहे.”

थोरल्या बाबांनी हाडूक खाली ठेवलं. मावळतीचा उजेड धुक्यात विरत होता. बराच वेळ गेला. माणूस पायी तेवढं अंतर चालेल, तेवढा.

*मिशनची शाळा. त्याला सांग, घर जवळ आलं.*

“आईला काही बोलू नकोस,” थोरले बाबा हळूच म्हणाले.

“थोरले बाबा... तो आत्ता येत असेल, तर आपण कुणाला आणलं?”

फाटकाआधीच्या दुकानाची आठवण वाजली, तशी ती उठली आणि उतारावरून फाटकाकडे धावत सुटली. ती पोचते न पोचते तोच फोन हातात थरथरला: फाटक. रस्ता रिकामा होता. पण करपलेल्या उसाचा तो गोड वास फाटकापलीकडे उभा होता, माणूसभर उंचीचा, दमलेला.

“म्झामो,” ती म्हणाली. “चुकलं माझं. ये... घर आलं. चल माझ्यामागे.”

मागे न पाहता ती चढ चढली. वास मागोमाग आला. झोपडीचं दार लागलेलं होतं.

“कुणी लावलं?” तिने विचारलं.

“आम्ही सगळे इथेच आहोत,” थोरले बाबा म्हणाले.

तिने दार ढकललं. आतून कडी होती. फटीला नाक लावताच थंड, ओल्या चिखलाचा वास आला. तिने खांदा लावून जोर केला, तसा आतूनही कुणीतरी दाराला टेकलं.

“म्झामो खोड्या काढतोय,” आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “लहानपणी असाच कडी लावून बसायचा.”

“आई, तो आत नाही. तो इथे...” खेथिवे वळली. वास विरळ होत चालला होता. “म्झामो, थांब. उघडते मी. थोडा थांब.”

फोन वाजला. पुन्हा दुकान.

ती उताराकडे धावली, पण खाली धुक्याशिवाय काहीच नव्हतं. अंगणात कुणी हललं नाही. मग शाळा वाजली. त्यानंतर खूप वेळाने, अगदी अंधारून आल्यावर, शेवटचं एकदा:

*नदी आली, त्याला सांग.*

“म्झामो,” ती अंधाराला म्हणाली. पण पुढे काय सांगायचं ते फोनने दाखवलं नाही, आणि तिलाही सुचलं नाही.

मागे झोपडीची कडी आतून हळूच निघाली.

“आले रे, बाळा,” म्हणत आई झग्याला हात पुसत आत गेली.