केशवरावांची डावी गिटार

बसा निवांत. लाइट काही लगेच यायची नाही. आमच्या उस्मानपुऱ्यात ती एकदा गेली की माहेरपण करूनच परतते. हा दिवा पुरेल आपल्याला. आणि मघापासून तुमचं लक्ष त्या भिंतीवरच्या गिटारीकडेच आहे, तर तिचीच गोष्ट सांगते. घाबरू नका. मी तिच्यासोबत सुखानं राहतेय.

धंद्यानं मी दातांची डॉक्टर. छंद मात्र जुन्या, लहान अंगाच्या गिटारींचा. हल्लीच्या गिटारी थोराड; मांडीवर घेतल्या की हनुवटीला लागतात. पूर्वी घराच्या बैठकीत वाजवायच्या म्हणून चिमुकल्या गिटारी करत. कंबर बारीक, आवाज नाजूक, पण शब्द न् शब्द कळावा असा स्पष्ट. दात बघायचा छोटा आरसा मी गिटारीच्या पोटाच्या भोकातून आत सरकवते, बॅटरी मारते आणि आतल्या पट्ट्या बघते. हिमांशू, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "मनस्विनीला माणसांची तोंडं पुरत नाहीत." म्हणू दे. त्याला टोमणे मारायला काहीतरी हवंच असतं.

मोनिका माझी पेशंट. छावणीत राहते, शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यात दाढ भरून झाल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर, आमच्या आत्याकडं एक छोटी गिटार हाये. तिची घोडी निघाली. तेव्हापासून आत्याला झोप नाय. जेवणावरची वासनाच गेलीय तिची."

घोडी म्हणजे खाली तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी. ती निघाल्यानं म्हातारीची झोप का उडावी, ते मला कळलं नाही. पण छोटी गिटार म्हटल्यावर मी कशाला थांबते? रविवारी दुपारी छावणी गाठली.

कौलारू बैठं घर, अंगणात सीताफळाचं झाड, आत गारवा. खाटेवर आवडाबाई, मोनिकाची आत्या. काया अगदी वाळलेली, पण डोळे लख्ख. उशाशी, खिळ्याला, ही गिटार.

काय सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं! मान बाराव्या पडद्यापाशीच, म्हणजे मानेवरच्या बाराव्या पितळी पट्टीपाशीच, अंगाला मिळते. नव्या गिटारींत ती चौदाव्याला मिळते. डोक्यात दोन लांबट खाचा, खुंट्यांचे कान मागे वळलेले. आरसा घालून बघितलं तर आतल्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या. लाकूड चिकटवायच्या सरसाचा जुना वास, आणि त्याच्याखाली आणखी एक, आवळ्याच्या तेलाचा. कंपनीचं नाव कुठंच नव्हतं, पण शंभरीच्या आसपासची असणार, यावर मी पैज लावायला तयार होते.

एक गोष्ट मात्र खटकली. वापरात नसलेल्या गिटारीचे पितळी पडदे काळे पडतात. हिचे पहिले तीन पडदे चकचकीत होते.

"कोण वाजवतं ही?" मी विचारलं.

"कुणीच नाय," मोनिका म्हणाली. "केशवराव, आत्याचे मालक, वाजवायचे. ते जाऊन लई वर्सं झाली."

आवडाबाई गालात हसल्या. "तिन्हीसांजेला वाजायचं, बाई. दिवा लावला की एक गीत. आता वाजंना. ऐकल्याबिगर मला झोप लागंल व्हय?"

मोनिकानं माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. वय झालंय, असा तिचा अर्थ. मीही तोच घेतला. म्हातारीचा हात हातात घेऊन म्हटलं, "नीट करून आणते."

"आणा," त्या म्हणाल्या. "मलाबी शिकवतो म्हणले व्हते. राह्यलं ते. निदान ऐकू तरी यावं."

मला त्यांची फार माया आली, खरं सांगते. या बाईला झोप मिळायलाच हवी, असं मनात पक्कं केलं.

घरी आणून घोडी चिकटवली, दाबून ठेवली, सुकू दिली. मग नव्या तारा चढवल्या. जुन्या तारा उलट्या होत्या. जाड तार खाली, बारीक वर. नवशिक्यानं चढवल्या की असं होतंच, आणि ते सुलटं करणं हे आमचं पहिलं काम. मी हौसेनं सरळ केल्या, थोडं वाजवून बघितलं. काय गोड आवाज! गिटार याच खिळ्याला टांगली आणि आत जाऊन कुकर लावला.

तिन्हीसांज झाली. मी देवाजवळ दिवा लावला, आणि या खोलीतून एक तार वाजली.

एकच. मग थोडं थांबून दुसरी. मग एक बेसूर आवाज, आणि शांतता. पुन्हा पहिली तार... पुन्हा बेसूर. अंधारात चष्मा शोधताना माणूस चाचपडतो ना, तसं. जिथं हात जातो तिथं हवी ती वस्तू नाही...

हिमांशू बाल्कनीतून आत आला. "तू वाजवतेयस?" अगदी हळू विचारलं त्यानं.

"मी इथं आहे ना..."

"मग..."

दोघं दारापर्यंत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. सगळ्या तारा थरथरत होत्या, पण आवाज थांबला होता. आवळ्याच्या तेलाचा वास इतका दाट, की जणू कुणी नुकतंच डोकं चोपडून बसलंय. मी धीर करून गिटारीच्या मानेला हात लावला. ती कोमट होती. सगळी नाही. हाताच्या पंज्यात मावेल एवढीच जागा.

मी हात झटकन मागे घेतला; घाबरले. नाही म्हणणार नाही. तेवढ्यात फोन वाजला आणि हिमांशू जागच्या जागी उडाला.

फोन मोनिकाचा होता. "डॉक्टर, सॉरी हां... आत्या ऐकंना. सारखी म्हणतीये, डॉक्टरीणबाईला सांग, मालकांना तार सापडंना. लई रडतीये. पाणीबी घेत नाय."

छावणी कुठं, उस्मानपुरा कुठं! त्या बाईला खाटेवर पडल्या पडल्या कसं कळलं?

सकाळी उजेडात गिटार टेबलावर घेतली, आणि आधी जे बघायला हवं होतं ते आता बघितलं. मानेच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिच्यात तारांसाठी खाचा. जाड तारेची रुंद खाच खालच्या बाजूला होती. अंगावर नखांचे ओरखडे भोकाच्या खाली असायचे, ते वर होते. घोडीत तारा टेकतात ती सळीसुद्धा उलटी तिरपी. कुणी चुकून उलट्या लावल्या नव्हत्या. सगळी गिटारच तशी वळवून घेतलेली होती. अशी जुनी गिटार पाहून माझी जीभ लपलप करत होती, त्यात एवढं ठळक दिसलं नाही. दातदुखीच्या पेशंटला बघताना दात सोडून बाकी सगळं बघावं, तशातली गत.

मोनिकाला फोन केला. "केशवराव डावखुरे होते?"

"व्हय की! लिहायला शाळेत मारून मारून उजवा केला त्यांना. गिटार तेवढी डाव्यानं वाजवायचे. का हो?"

का ते मी सांगितलं नाही. तारा उतरवल्या, पुन्हा उलट्या चढवल्या, आणि दुपार कलता कलता छावणी गाठली. आवडाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गिटार उशाशी टांगली. मोनिकानं दिवा लावला. आम्ही दोघी चहाला स्वयंपाकघरात गेलो.

चहाला उकळी यायच्या आत सुरू झालं.

एक साधं भजन. संथ, स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. मोनिकाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"बघायचं का..." ती पुटपुटली.

"नको. ऐकू या."

गीत संपलं. बाहेर आलो तेव्हा आवडाबाई गाढ झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत. ते घोरणं ऐकून मला जे समाधान झालं, ते आजवर कुठल्याही पेशंटच्या हसण्यानं झालेलं नाही. घरी येताना जिल्हा कोर्टाच्या सिग्नलला मी एकटीच रिक्षात हसत होते.

त्यानंतर आवडाबाई जेवू लागल्या, अंगणात बसू लागल्या. सीताफळाचा हंगाम सरला आणि एका पहाटे झोपेतच गेल्या. मोनिका गिटार घेऊन माझ्याकडे आली. "आत्यानं सांगून ठेवलंय, डॉक्टरीणबाईकडंच द्यायची. त्यांना तारा कळत्यात." मी हिला याच भिंतीवर टांगली. तारा उलट्याच ठेवल्या.

काही दिवस ती गप्प होती. मग एका तिन्हीसांजेला परत चाचपडणं सुरू झालं. एक तार... बेसूर... पुन्हा. मी धावत येऊन खाचा तपासल्या. सगळं जिथल्या तिथं. मग आवडाबाईंचं बोलणं आठवलं, मलाबी शिकवतो म्हणले व्हते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांचं राहून गेलेलं शिकणं चाललंय तर! म्हटलं, चालू दे. हिमांशूही आता सरावलाय; त्या वेळेला टीव्हीचा आवाज कमी करतो. रोज थोडं थोडं सुधारतंय. परवा तर पहिली ओळ जवळजवळ सबंध आली.

घरात कुणीतरी शिकतंय, यासारखं सुख नाही हो.

एवढंच एक आहे. हा दिवा जरा जवळ घ्या, दाखवते. मी उजवी. गिटार वाजवताना माझी तारा दाबतात ती बोटं डाव्या हाताची; हिच्यासारख्या डाव्या गिटारीला मात्र तारा उजव्या हातानं दाबतात. हे बघा, डाव्या बोटांना हे जुने घट्टे. आता हा उजवा हात बघा. काल क्लिनिकमध्ये हातमोजे काढले तेव्हा दिसलं. बोटांच्या टोकांना या तारेच्या रेघा... आणि त्यांच्याखाली कातडी घट्ट व्हायला लागलीय.

आणि आवडाबाई गेल्यावर ही गिटार इथं आली, तेव्हापासून पुसण्या-तपासण्यापलीकडे मी तिला हात लावलेला नाही.