चौकातलं पाणी

भर दुपारी ग्रंथालयासमोरच्या चौकात एक माणूस उताणा पडला होता आणि येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. विद्यापीठातली माणसं भारी सभ्य. दुसऱ्याच्या पडण्यात उगाच नाक खुपसत नाहीत.

बांधकाम विभागातल्या आर्किटेक्टला मात्र ते जमलं नाही. चौक तिचा होता. म्हणजे कागदोपत्री विद्यापीठाचा, पण फरशीचा उतार, दिव्यांचे खांब, बाकांच्या जागा सगळं तिच्या हातचं. आपल्या फरशीवर कुणी डोळे मिटावेत हे तिला परवडण्यासारखं नव्हतं. ती बाटली घेऊन धावली, गुडघ्यांवर बसली, झाकण उघडलं—

“जरा डावीकडे सरकता का?” तो माणूस म्हणाला. “आभाळ अडतंय.”

“तुम्ही... बरे आहात ना?”

“आभाळ बघत होतो तोवर बरा होतो.” तो तिच्याकडे बघत राहिला. “आता नक्की सांगता येत नाही.”

ती तडक उभी राहिली. त्याने उठून पाठ झटकली आणि ओळख दिली. तो शिल्पकार होता. याच चौकात एक शिल्प उभारायचं विद्यापीठाने ठरवलं होतं, त्यासाठी तीन शिल्पकार निवडले होते, आणि त्यांतला तिसरा हा. उभ्याने बघितलं तर चौकात नुसत्या इमारती दिसतात, आभाळ बघायला आडवंच व्हावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

तिचा चेहरा एकदम कार्यालयीन झाला. कारण स्पर्धेची संयोजिका तीच होती, आणि निवड समितीतल्या पाचांपैकी एक मतही तिचं होतं.

“मग मला तुमच्याशी बोलता येणार नाही.”

“बोललात की.”

“आजाऱ्याशी बोलले. स्पर्धकाशी नाही. काय विचारायचं ते लेखी विचारा. तुमचा प्रश्न आणि माझं उत्तर, दोन्ही परिपत्रकातून तिन्ही स्पर्धकांना जातं, समितीलाही जातं. एकाला जे कळेल ते सगळ्यांना कळलं पाहिजे.”

“हा नियम कुणी केला?”

“मी.”

“मग चांगलाच असणार,” तो म्हणाला आणि हसला. ते हसू नियमात बसणारं नव्हतं, पण त्यावर हरकत घ्यायला ती जरा उशीरच करून बसली.

पहिले प्रश्न अगदी सज्जन होते. पाया किती खोल घेता येईल? वारा कुठून येतो? तिने काटेकोर उत्तरं धाडली. मग हळूहळू प्रश्नांचे पाय घसरू लागले.

“प्रश्न : दुपारी चौकात जास्त वेळ कोण थांबतं?”

“उत्तर : सहसा कुणी नाही. एक अपवाद आपणास ठाऊक आहे.”

“प्रश्न : बांधकाम विभागाच्या खिडकीतून शिल्प दिसेल का? दिसल्यास, तिथे बसणाऱ्या व्यक्तीला कोणता रंग आवडतो?”

“उत्तर : पहिल्याचं, हो. दुसरा प्रश्न स्पर्धेच्या कक्षेबाहेरचा आहे... करडा.”

पाठवून झाल्यावर तिने कपाळाला हात लावला. पण नियम म्हणजे नियम. सगळं सगळ्यांना गेलं होतं.

ती मावशीकडे राहायची. मावशीची नजर अशी, की भाचीने कोणत्या रंगाची ओढणी कोणत्या दिवशी काढली यावरून ती आठवड्याचा ताळेबंद मांडायची. जेवताना तिने परिपत्रक मागून घेतलं, चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाली, “ठमे, हे काय आहे?”

“कार्यालयीन आहे गं, मावशी.”

“असं? कार्यालयीन पत्रात तीन ठिपके कोण टाकतं?”

ठमीने भात चिवडला.

मग एका संध्याकाळी पाऊस पडून गेला आणि त्याचा प्रश्न आला, “पाऊस थांबल्यावर चौकात पाणी कुठे साचतं?”

साधा प्रश्न. एका ओळीत उत्तर देण्याजोगा. पण ती खिडकीशी गेली, खाली बघितलं, परत येऊन लिहू लागली, आणि हात थांबेनाच.

“उत्तर : ग्रंथालयाच्या पायऱ्यांपुढे, फरशी खचली आहे तिथे. दुरुस्ती माझ्याकडेच पडून आहे, कारण मला ती करावीशी वाटत नाही. पाऊस गेला की कोपऱ्यातला दिवा त्या पाण्यात उतरतो. परीक्षेत नापास झालेली मुलंसुद्धा जाताना वाकून त्यात बघतात. मी रोज त्याला वळसा घालून जाते. वळसा जरा मोठाच घालते.”

यावर त्याच्याकडून प्रश्न आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला वाटलं, झालं, आपण फार बोललो.

प्रश्न आला तो भलतीकडूनच. पहिल्या क्रमांकाच्या स्पर्धक, म्हणजे पांढऱ्या केसांच्या, हयात दगड फोडण्यात गेलेल्या शिल्पकार बाई. त्यांनी आजवर एक अक्षर विचारलं नव्हतं.

“प्रश्न : स्पर्धक क्रमांक तीन आणि संयोजिका यांचा चहा निकालाआधी होणार की नंतर? उत्तर नियमाप्रमाणे सर्वांना कळवावं. आम्ही वाट बघतोय.”

तिचे कान तापले. पण प्रश्न लेखी होता, रीतसर होता. तिने लिहिलं, “उत्तर : आधी शक्य नाही...” आणि ठिपके खोडायला गेली, तोवर बोटाने पाठवायचं काम उरकलं होतं.

निवडीच्या दिवशी सकाळी ती बूट हातात घेऊन बसून राहिली.

“आज बैठकीच्या सुरुवातीला विचारतील, स्पर्धकांशी कुणाचा काही संबंध आहे का म्हणून,” ती म्हणाली. “हो म्हटलं तर कदाचित त्याला स्पर्धेतूनच काढतील. नोकरी सोडून त्याने कार्यशाळा टाकलीय, मावशी. हे त्याचं पहिलं मोठं काम ठरलं असतं.”

“आणि गप्प बसलीस तर?”

“तर मला त्या चौकातून मान वर करून जाता यायचं नाही.”

“मग बूट घाल,” मावशी म्हणाली.

बैठकीला कुलसचिव अध्यक्ष होते. टेबलावर तीन नमुने कापडाखाली झाकलेले. कुलसचिवांनी तो प्रश्न विचारला तो घसा साफ करावा तसा. उत्तराची त्यांना अपेक्षाच नव्हती. सगळ्यांनी चहा पिता पिता माना हलवल्या. आर्किटेक्टने हात वर केला.

“तुमचा संबंध आहे?”

“नाही सर. पण व्हावा असं वाटतं.”

कुणाचा तरी चमचा बशीत पडला. कुलसचिवांनी चष्मा काढला. “कुणाशी?”

“क्रमांक तीन.”

“भेटीगाठी? फोन?”

“एकदा चौकात. ते आजारी आहेत असं समजून पाणी द्यायला गेले होते. त्यानंतर परिपत्रकाबाहेर एक शब्द नाही.”

“ते खरं आहे, सर,” कलाविभागाचे प्राध्यापक म्हणाले. “परिपत्रकं आपण सगळ्यांनीच वाचलीत. आमच्याकडे तर बायको विचारते, पुढचं आलं का?”

कुलसचिव हसू दाबण्यात वाकबगार होते, तरी मिशी हलली. “लपवलेलं काही नाही, तेव्हा प्रवेशिका राहील. तुमचं मत मात्र राहणार नाही. बाहेर थांबा.”

बाहेरच्या बाकावर तो बसला होता. पलीकडे शिल्पकार बाई भिंतीला डोकं टेकून डुलक्या घेत होत्या, निदान तसं दाखवत होत्या.

“माझ्यामुळे तुमचं एक मत गेलं,” ती म्हणाली, आणि घडलं ते सगळं सांगितलं.

“सगळ्यांसमोर म्हणालात?”

“हो.”

“हात वर करून?”

“हो... का?”

त्याने आपल्या तळहातांवरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. “मला आजवर असं कुणी हात वर करून मागितलं नव्हतं,” तो हळूच म्हणाला. “मत गेलं तर जाऊ दे.”

बाईंची डुलकी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

मतं दोन-दोन पडली. कुलसचिवांनी आपलं निर्णायक मत बाईंच्या पारड्यात टाकलं. सगळ्यांना आत बोलावलं, आणि त्याने आपल्या उंच पंखांचा नमुना ओलांडून, बाईंच्या नमुन्यापुढे जाऊन मान खाली घातली ती वर येईचना. त्यात उंच असं काही नव्हतंच. पायऱ्यांपुढे, फरशी खचली होती नेमकं तिथे, काळ्या दगडाचं एक पसरट, उथळ पात्र. पाऊस येईल, पाणी थांबेल, दिवा उतरेल.

“हे तर... माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे!”

“तुझ्याच,” बाई म्हणाल्या. “पण मलाही आलं होतं ना. तू ते किती वेळा वाचलंस?”

“पाठ आहे.”

“आणि त्यात पाणी दिसलं नाही तुला. लिहिणारी तेवढी दिसली. मी म्हातारी, मला पाणी दिसलं.” त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. “दगड अवाढव्य लागणार आहे, आणि माझे खांदे आता कुरकुरतात. येतोस का जोडीला? नाव दोघांचं लागेल. फुकटचा उपकार समजू नकोस, प्रश्न तुझा होता.”

त्याने वाकून त्यांच्या हातावर कपाळ टेकलं. बाई म्हणाल्या, “पुरे. चहाचं बघ आधी.”

चहाच्या टपरीवर दोघं समोरासमोर बसली. परिपत्रकाची सवय, त्यामुळे बोलायचं कसं हेच कळेना.

“एक सांगू?” ती म्हणाली. “माझं मत असतं ना, तरी ते बाईंनाच गेलं असतं.”

“माझे पंख नाही आवडले?”

“वाऱ्याने छत्री उलटी होते ना... तसे दिसत होते.”

तो इतका मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघू लागली. आणि तिला वाटलं, खरं ऐकून असा हसणारा माणूस मिळाला, तर मत काय, नोकरीसुद्धा महाग नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात पात्र बसलं. अनावरणाला बाईंना भाषण करा म्हटलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, “विचारणाऱ्याचे आभार, सांगणारीचे आभार, आणि फरशी दुरुस्त न करणाऱ्या विभागाचे तर फारच आभार.”

लोक टाळ्या वाजवत होते. रिमझिम थांबली होती, कोपऱ्यातला दिवा नुकताच लागून पाण्यात उतरला होता. आर्किटेक्ट सवयीने मोठा वळसा घालून निघाली, तर पलीकडून तोही वळसा घालून आला आणि समोर उभा राहिला. करड्या शर्टात.

“एक शंका आहे,” तो म्हणाला. “हे वळसे... यापुढे जन्मभर बरोबर घालता येतील का?”

“नियम ठाऊक आहे ना? उत्तर सगळ्यांना कळवावं लागेल.”

“कळव!” मागून मावशी ओरडली. बाईंनी कानामागे हात धरला. कुलसचिव उगाचच दिव्याकडे बघू लागले.

तिने पाण्याकडे बघितलं. त्यात दिवा होता, तो होता, आणि हसू न आवरणारी ती स्वतः होती. तिने हात वर केला.

“हो,” ती सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली.

“या वेळी ठिपके नाहीत हं,” मावशी बाईंना म्हणाली आणि चष्मा पुसू लागली.