स्पुरिअस आजोबांची संमती

म्हाताऱ्याचं सोंग काढण्यात डोरिओचा हात धरेल असा नट अख्ख्या रोममध्ये नव्हता, असं निदान डोरिओचं तरी मत होतं. रंगमंचावर तो चिक्कू सासरे आणि प्रेमात पडलेले थेरडे करायचा. पण त्याची खरी मागणी असे ती बड्या घरच्या अंत्ययात्रांना. अशा घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटांत जपून ठेवतात. घरातलं कुणी गेलं की ते मुखवटे भाड्याच्या नटांच्या तोंडावर चढतात, आणि सगळे पूर्वज प्रेताच्या पुढे चालू लागतात. "मेलेल्याचं सोंग सोपं," डोरिओ म्हणायचा, "तो तक्रार करायला येत नाही."

ऑपिटर्निअस घराण्यातले थोरले वारले, तेव्हा यात्रेच्या आदल्या दुपारी तो मुखवटा पाहायला गेला. दाराला सुतकाची खूण म्हणून सुरूची फांदी लावलेली होती. आतल्या चौकात म्हातारे दाराकडे पाय करून निजले होते आणि उशाशी धूप जळत होता. त्या वासात जुन्या मेणाचा आणि काजळीचा वास मिसळला होता. डोरिओला असल्या घरांची सवय होती, तरी इथे त्याची पावलं आपोआप हळू पडू लागली.

म्हाताऱ्यांची सून विबिदिया कपाटांपाशी उभी होती. तिचे डोळे रडून सुजले होते, पण ते सासऱ्यासाठी नव्हतं. सासरा नव्वदीचा होता.

"तुला स्पुरिअस आजोबा करायचेत," ती म्हणाली.

"त्यांना कोण ओळखत नाही, बाईसाहेब? पोरांना पाटीवर तेच गिरवायला लावतात."

आणि ते खरंच होतं. तीनशे वर्षांपूर्वी सेनापती स्पुरिअसच्या मुलानं हुकमाशिवाय रांग सोडली. बापानं सगळ्या फौजेसमोर त्याचं डोकं उडवायला लावलं आणि पापणीसुद्धा ओली होऊ दिली नाही. तेव्हापासून मास्तर तो धडा घोकून घेत, कवी त्यावर पद्यं रचत, आणि बाजारात पोरानं अंजीर चोरलं तरी आया म्हणत, "स्पुरिअस असता तर कळलं असतं तुला!" पूर्वजांची रीत म्हणतात ती हीच. ज्यांनी ती कधी पाळली नाही ती माणसंही तिच्या गोष्टी मोठ्या चवीनं सांगतात.

विबिदियानं कपाटाची कडी काढली. "माझ्या देकिमुसनंही जागा सोडली," ती म्हणाली. "छावणीच्या दारावर पहारा होता त्याचा. मित्र नदीत बुडत होता, म्हणून धावला. त्याला वाचवलंन सुद्धा. तर सेनापतींनी त्याला घरी पाठवला. वर निरोप, की तुमच्या घरात अशा मुलाचं काय करतात ते मी काय सांगावं!"

"आणि घरचे साहेब?"

"तो आल्यापासून ते त्याच्याशी बोललेले नाहीत. उद्या यात्रेनंतर, पूर्वजांच्या साक्षीनं निकाल देणार आहेत." तिनं मुखवटा बाहेर काढला. "वाईट नाहीत रे ते. घाबरलेत. लोक काय म्हणतील, आणि हे काय म्हणतील..." तिनं कपाटांकडे बोट केलं.

त्या घरात एक चाल होती. जीवनमरणाचा निकाल असला की स्पुरिअसचा मुखवटा घातलेल्या माणसाला खुर्चीवर बसवायचं, आणि घरच्या कर्त्यानं विचारायचं, आजोबा, तुमची ना आहे का? मुखवटा अर्थातच गप्प राहायचा. गप्प म्हणजे संमती.

"तू गप्प राहू नकोस," विबिदिया कुजबुजली. "नुसती मान हलव. मारू नको म्हणून."

"बाईसाहेब, कळलं तर माझी चामडी लोळवतील."

"माझा मुलगा जाईल रे."

डोरिओनं हात पुढे केला. "द्या इकडे. मान किती वळते ते बघावं लागेल."

आता यात दोघांचीही चूक झाली. प्रेताचे पाय उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत मुखवटा तोंडावर चढवायचा नाही, हे रोममधलं शेंबडं पोरही जाणतं. मेलेला घरात असेपर्यंत पूर्वजांना परत यायची वाट उघडी असते. विबिदिया क्षणभर थबकली, निजलेल्या सासऱ्याकडे तिनं पाहिलं, आणि मुखवटा दिला.

डोरिओनं तो चढवला. आतून मेण ओलं होतं. मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली. त्यानं मुखवटा काढला आणि गाल पुसले.

"दमट आहे कपाट," तो म्हणाला.

"छे! इथं तर धुरानं सगळं कोरडंठाक असतं," विबिदिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यात्रा थाटात निघाली. कर्णे वाजले, भाड्याच्या बायांनी केस मोकळे सोडून गळे काढले. शहराच्या मोठ्या चौकात सगळे पूर्वज हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीनं बसले. विबिदियाचा नवरा नुमेरिअस भाषणाला उभा राहिला. बाप गेलेला, पण चेहरा दगडी. त्यानं रिवाजाप्रमाणे एकेका पूर्वजाचं नाव घेतलं. स्पुरिअसपाशी आला तेव्हा त्याचा आवाज जरा चिरकला.

"...ज्यांनी पोटच्या गोळ्यापेक्षा कायदा मोठा मानला, आणि ज्यांची पापणीही ओली झाली नाही!"

लोकांनी वाहवा केली. मुखवट्याच्या आत डोरिओच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं. हनुवटीवरून ते शुभ्र वस्त्रावर टपटपलं. त्यानं डोळे मिटून पाहिले. त्याचे डोळे कोरडे होते. पण खुर्चीवरून उठायची सोय नव्हती.

संध्याकाळी घरी दिवे लागले. बाकीचे नट मुखवटे देऊन गेले होते, कपाटं बंद झाली होती. चौकात चौघंच उरली. नुमेरिअस, भिंतीला टेकलेली विबिदिया, मध्ये उभा देकिमुस आणि खुर्चीवर डोरिओ. देकिमुसच्या दाढीचे केस अजून नीट राठही झाले नव्हते. बाहेर कुठेतरी घोडं खिंकाळलं आणि मग तेही थांबलं.

"तू जागा सोडलीस," नुमेरिअस म्हणाला.

"हो, बाबा."

"पुन्हा सोडशील?"

"तो बुडत होता, बाबा... सोडीन."

खोटं बोलला असता तर बापाला पळवाट तरी मिळाली असती. नुमेरिअसनं डोळे मिटले. मग तो खुर्चीकडे वळला.

"आजोबा... तुमची ना आहे का?"

डोरिओनं मान हलवायचा प्रयत्न केला. मान हलेना. त्यानं सारी ताकद लावली, तरी ती काही हलेना. त्याला विबिदियाचे डोळे दिसत होते. समईची वात तडतडली. गप्प म्हणजे संमती... नुमेरिअसचा हात कमरेच्या सुरीकडे जाऊ लागला.

"मी रडलो होतो..."

आवाज अगदी हलका होता. इतका जवळून आला, की डोरिओला आपल्याच दातांवर त्याचा वारा जाणवला. त्याचे ओठ मात्र मिटलेले होते.

"रात्री... तंबूत... सकाळपर्यंत. कुणीच लिहिलं नाही."

नुमेरिअसचा हात जागच्या जागी थांबला. मुखवट्याच्या कडेखालून पाणी गळत होतं आणि फरशीवर त्याचं छोटं थारोळं झालं होतं. नुमेरिअस कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. त्याचे खांदे ढिले पडले. "देकिमुस," तो म्हणाला. महिन्याभरात त्यानं ते नाव पहिल्यांदा घेतलं. "ये इकडे, बाळ."

पोरगा पुढे आला. त्याच वेळी बंद कपाटांतल्या एकात कुणीतरी घसा खाकरला.

मग पलीकडच्या कपाटात. मग त्याच्याही पलीकडे. सभेत म्हातारी माणसं बोलायला उठण्याआधी खाकरतात, तसं. तेही आपण रडल्याचं सांगणार होते, की स्पुरिअसला गप्प करणार होते, हे विचारायला कोण थांबतं? रोमचा खानदानी माणूस रस्त्यात धावत नाही, आग लागली तरी चालतच बाहेर पडतो. नुमेरिअसनं एका हातानं बायकोचा आणि दुसऱ्या हातानं मुलाचा हात धरला, आणि तो धावत सुटला. एक चप्पल उंबऱ्यातच राहिली. रस्त्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज दूर जाताना ऐकू येत होता.

डोरिओनं मुखवटा उतरवून मांडीवर घेतला.

"पोरगं कुठं गेलं?" कपाटातून कुणीतरी हळूच विचारलं.

डोरिओनं जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं म्हटली होती. हे त्याचं स्वतःचं होतं.

"गेलं... बापाबरोबर."

डोरिओ मुखवटा खुर्चीवर ठेवून दाराकडे निघाला. मागे एका कपाटाची कडी हळूहळू सरकत होती. त्या कपाटांची कडी बाहेरच्या बाजूला होती, आणि चौकात डोरिओशिवाय कुणी नव्हतं.