शेजारच्या सीटवरचा डाग

ही गोष्ट खरी आहे असं मी म्हणणार नाही. तसं सगळेच म्हणतात. मी एवढंच सांगते, की तो फोटो अजून माझ्याकडे आहे. कपाटात, पालथा घालून ठेवलाय.

आणि रात्र नव्हती. आधीच सांगून टाकते, मागून तक्रार नको. हिवाळ्यातली संध्याकाळ, दिवे नुकते लागलेले, पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात नेहमीची गर्दी. दोन्ही बाजूंनी गाड्या. कोपऱ्यावर फुगेवाला. भुतासाठी अगदीच गैरसोयीची वेळ.

तरी झालं.

थांबा. आधी माझं काम सांगते, नाहीतर काही कळणार नाही.

सिग्नल तोडला की खांबावरचा कॅमेरा फोटो काढतो. स्पीड जास्त असला तरी काढतो. हे तुम्हाला माहीत आहे. पण तो फोटो चलन होऊन तुमच्या घरी येण्याआधी कुणीतरी माणूस तो बघतो, हे माहीत नसेल. नंबर वाचता येतो का. दिवा खरंच लाल होता का. मागून अँब्युलन्स आली म्हणून तर बिचारा पुढे सरकला नाही ना.

तो माणूस म्हणजे मी.

पडदे ओढलेली खोली, समोरासमोर दोन टेबलं. मी ‘बरोबर’ दाबलं की फोटो समोरच्या टेबलावर जातो. तिथे हॉर्न बसतो. त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नाही. तो शिंकला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात, म्हणून हॉर्न. त्यानेही ‘बरोबर’ दाबलं, की चलन जातं.

दिवसभर मी अनोळखी माणसांची तोंडं बघते. फ्लॅश पडतो त्या क्षणाची.

कुणी डोकं खाली घालतं, जणू दगड येतोय. कुणी समोरच्या काचेवरची, उन्हासाठीची झापड खाली ओढतं, फोटो निघून गेल्यावर. एक बाई दर वेळी कॅमेऱ्याला हात जोडते. एक जण स्वतः गाडी चालवत असताना शेजारच्या बायकोकडे बोट दाखवतो. एकाने जीभ दाखवली होती. तो फोटो हॉर्नने बरेच दिवस स्क्रीनवर ठेवला.

शेजारी बसलेल्याचा चेहरा मात्र आम्हाला दिसत नाही.

हे नीट लक्षात ठेवा.

मशीन स्टिअरिंगच्या मागचा चेहरा शोधतं आणि तो तसाच ठेवतं, कारण तो पुरावा. गाडीतले बाकीचे सगळे चेहरे पुसून टाकतं. तिथे एक करडा, धुरकट डाग येतो. कोण कुणाबरोबर फिरतं ते चलनावरून घरी कळायला लागलं आणि भांडणं झाली, तेव्हापासूनचा नियम.

चालवणारा दिसतो. सोबतचा पुसला जातो.

एवढंच.

*

फोटो.

जुनी निळी गाडी. दिवा लाल. गाडी पांढऱ्या पट्टीच्या बरीच पुढे. स्टिअरिंगवर एक म्हातारे काका, कोपरात विरलेला स्वेटर. काका कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, शेजारी बघतायत.

शेजारी कुणी नाही. सीटच्या कव्हरवरची फुलंसुद्धा दिसतायत.

आणि वर, माणसाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर, हवेत...

करडा डाग.

“मशीनला काय, फुगा दिसला तरी चेहराच वाटतो,” हॉर्न म्हणाला. “परवा कुत्र्याचं तोंड पुसलंन्. वाचली बिचाऱ्याची इभ्रत.”

मी हसले आणि डाग उचलला. आम्हाला तेवढी सोय असते, एक बटण दाबलं की खालचं दिसतं.

खाली काही नव्हतं. मागच्या काचेतून दिसणारा रस्ता.

फक्त सीटबेल्ट... ओढून लावलेला होता. रिकाम्या सीटवर.

आणि तो सपाट पडलेला नव्हता. पुढे फुगलेला होता. आत कुणी असल्यासारखा.

काही दिवसांनी काका परत आले. म्हणजे फोटोत. तोच चौक, तोच स्वेटर, मान शेजारी वळलेली. तोच डाग. याही वेळी मी ‘बरोबर’ दाबलं. मग आणखी एकदा आले. आमच्याकडे तिसऱ्या चलनाला लायसन्स जातं. म्हातारा माणूस, एकटा, गाडीशिवाय काय करेल, असं मनात आलं आणि मी ‘चूक’ दाबलं. दिवा नीट दिसत नाही, असं कारण दिलं.

मला वाटलं, मी त्यांना वाचवलं.

*

ते ऑफिसात आले. भर दुपारी. आमच्या खोलीच्या तक्रार-खिडकीपाशी उभे राहिले.

“माझं चलन आलं नाही.”

“काका, लोक इथे चलन का आलं म्हणून भांडायला येतात.”

“मी भांडत नाही, पोरी. चौकशी करतोय. मी सिग्नल तोडला होता. नक्की तोडला होता. फ्लॅशही पडला.”

मागून हॉर्न हळूच म्हणाला, “असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय.”

काकांनी स्वेटरच्या आतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात आधीच्या चलनांवरचे दोन फोटो, कडा नीट कापलेले. डागावर बोट ठेवलं.

“ही माझी बायको.”

हॉर्न उठून खिडकीपाशी आला.

“ती गेल्यावर पहिल्यांदा गाडी काढली, तेव्हा टूं टूं वाजायला लागली. शेजारच्याने बेल्ट लावला नाही की वाजते ना, तशी. सीटवर काही नव्हतं. पिशवीसुद्धा नाही. मेकॅनिक म्हणाला, सेन्सर गेलाय, वायर काढून टाकतो. मी म्हटलं, हात लावायचा नाही. हिला बेल्टचा पहिल्यापासून कंटाळा. आयुष्यभर ओरडलो, लाव, लाव. आता मीच हात लांब करून लावतो. लावला की गप्प होते.”

“गाडी?” मी विचारलं.

“दोघी.”

ते हसले. हॉर्न हसला नाही.

“काका, मशीनचं चुकतं कधीकधी,” मी म्हटलं. “आणि आता आणखी एक चलन गेलं तर लायसन्स जाईल. मग गाडीच चालवता येणार नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

त्यांनी दोन्ही फोटो माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. “हे बघ. ह्यात ती खिडकीशी आहे. ह्यात जरा आत आली. दिसतंय ना? भांडण झालं की अशीच बसायची, पार दाराला चिकटून. मग हळूहळू सरकायची.” त्यांनी फोटोची कड बोटाने सरळ केली. “शेवटी शेवटी आमचं बोलणं नव्हतं, पोरी. दवाखान्यात न्यायला मी उशीर करतोय, असं तिला वाटायचं. तशीच गेली. आता कितपत जवळ आली, तेवढं मला बघू दे.”

मी तो तिसरा फोटो परत उघडला. त्या वेळी मी नीट बघितलाच नव्हता.

डाग काकांच्या खांद्याला टेकलेला होता.

मी ‘बरोबर’ दाबलं. फोटो हॉर्नकडे गेला. त्याने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग त्यानेही दाबलं, आणि त्या दिवशी तो एकदाही शिंकला नाही.

लायसन्स गेलं. नंतर एकदा काका मला बसस्टॉपवर भेटले. गाडी बिल्डिंगखाली उभी असते म्हणाले. संध्याकाळी जाऊन बसतो. इंजिन सुरू करत नाही, नुसती किल्ली फिरवतो.

“वाजलं की बरं वाटतं.”

*

आता माझं.

(इथे मी आधी बरंच काही लिहिलं होतं. खोडलं. सरळ सांगते.)

माझी मोठी बहीण, ताई. आम्ही दोघीच राहायचो. ती आजारात गेली. तिची गाडी मला राहिली. ती असेपर्यंत मी कधी चालवली नव्हती. लायसन्स होतं माझ्याकडे, पण किल्ली मागितली की म्हणायची, “तू शेजारी बस, आणि गप्प बस.” मी बसायचे. दोन्ही हात मांडीवर ठेवून, तिच्याकडे तोंड करून. पिवळा दिवा दिसला की ताईचा पाय ब्रेककडे जायचाच नाही. अशी सफाईने गाडी काढायची, की मागचे लोक शिव्या द्यायलाही विसरायचे.

त्या चौकात कॅमेरा नवीन लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही सापडलो. फ्लॅश पडताना ताई ओरडली, “हस, फोटो काढतायत.”

तो फोटो तिने फ्रिजवर चिकटवला. ताई स्टिअरिंगवर, दात दाखवून हसतेय. शेजारी मी, हात मांडीवर, मान तिच्याकडे. चेहऱ्याच्या जागी डाग.

“बघ,” ती म्हणायची, “मी हिरॉईन आणि तू डाग.”

ती गेल्यावरही फोटो तिथेच आहे. फ्रिज उघडताना रोज दिसतो. घरी गेल्यावर मी टीव्ही लावते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. बोलण्याचा आवाज पलीकडच्या खोलीतून आला पाहिजे, म्हणून.

मला काकांचा हेवा वाटायला लागला. एका म्हाताऱ्या माणसाचा, ज्याची बायको गेली, जो बसने फिरतो, त्याचा हेवा. त्याला निदान माहीत होतं.

मला फक्त एकदा बघायचं होतं. माझ्या शेजारची सीट खरंच रिकामी आहे का.

*

ती संध्याकाळ.

ऑफिस सुटलं. गाडीत बसले, बेल्ट लावला, किल्ली फिरवली आणि कान देऊन ऐकलं.

काही नाही.

शेजारच्या सीटवरची पर्स उचलून मागे टाकली. सीट मोकळी केली. परत ऐकलं.

टूं नाही की टां नाही.

“ताई,” मी म्हटलं. स्वतःचाच आवाज कानाला कसातरी लागला.

चौक आला. दिवा पिवळा... मग लाल. माझ्यापुढे एकही गाडी नव्हती. सगळं जुळून आलं होतं. मी ठरवलं होतं, आडवी वाहनं सुटायच्या आत पट्टी ओलांडायची.

आणि फुगेवाला रस्त्यात उतरला.

मी ब्रेक दाबला. हे मी शपथेवर सांगेन. पाय पूर्ण खाली, जमिनीला टेकेल इतका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलेलं. बोटं दुखली, ते आठवतं.

गाडी थांबली नाही.

हळूही झाली नाही. अर्धा श्वास जाईल तेवढ्या वेळात डावीकडे कलली, फुगेवाल्याच्या मागून गेली, परत सरळ झाली. एक फुगा आरशाला घासला, एवढंच. इतकी सफाईदार.

मला असं वळवता येत नाही. अजूनही येत नाही.

वळणाच्या मधोमध फ्लॅश पडला.

पुढे गेल्यावर गाडी आपोआप हळू झाली आणि कडेला लागली. मी रडत होते. शेजारची सीट रिकामी होती. मेकॅनिकने नंतर ब्रेक दोनदा तपासले. म्हणाला, “ताई, एकदम चोख आहेत.” तो सगळ्याच गिऱ्हाइकांना ताई म्हणतो. तरी मी दचकले.

*

आपला स्वतःचा फोटो आपण तपासायचा नसतो. तो थेट हॉर्नकडे गेला.

मी समोर बसले होते. त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. माऊसचा आवाज थांबला.

“काय आहे?” मी विचारलं. “शेजारी काही आहे?”

“शेजारी काही नाही, अगं. सीट साफ रिकामी आहे. डाग नाही, काही नाही.”

मला वाटलं होतं तसंच. मी मान हलवली. बॅग उचलली. डोळे भरून आले होते ते त्याला दिसू नयेत म्हणून उठले.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “मशीन येडं झालंय बहुतेक. इकडे ये.”

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

गाडी. लाल दिवा. एका बाजूला फुगे. शेजारची सीट रिकामी, स्वच्छ.

स्टिअरिंगच्या मागे मी. माझा ड्रेस. माझा बेल्ट.

आणि चेहऱ्याच्या जागी...

डाग.

“चालवणाऱ्याचा चेहरा मशीन पुसत नाही,” हॉर्न म्हणाला. त्याचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. “कधीच नाही. त्याला स्टिअरिंगवर दुसरं कुणी सापडलं, तरच...”

त्याने बटण दाबून डाग उचलला.

खाली माझाच चेहरा होता. पण मी रस्त्याकडे बघत नव्हते. घाबरलेही नव्हते. मान एका बाजूला वळलेली, ताईने काही सांगितलं की वळायची, तशी.

स्टिअरिंगवर हात नव्हते.

दोन्ही हात मांडीवर होते.

*

हॉर्नने ‘चूक’ दाबलं. चलन आलं नाही. फोटो मी मागून घेतला, फ्रिजवरच्या फोटोशेजारी धरला, आणि मग पालथा करून कपाटात ठेवला.

आता टीव्ही लावत नाही. पलीकडच्या खोलीतून काही ऐकू आलं, तर ते टीव्हीचं आहे की नाही, हे मला कळायला हवं.

बरेच दिवस बसने गेले. आज सकाळी उशीर झाला, म्हणून किल्ली घेतली आणि खाली उतरले. गाडी शेवटची लावली होती तशीच उभी. काचेवर धूळ. आत कुणी नाही.

मी जवळ गेले...

आणि तिथेच उभी राहिले, किल्ली हातात धरून. वॉचमन दोनदा बघून गेला.

कुठल्या बाजूचं दार उघडावं, तेच मला कळेना.