सुजलेल्या गालाचा ससा

तो पहिल्यांदा माझ्या दारात आला तेव्हा त्याचा उजवा गाल टम्म सुजला होता. दातांचा दवाखाना वरच्या मजल्यावर, आणि याने बेल वाजवली माझी. चुकलेला माणूस मुकाट्याने जातो की नाही? हा माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघत उभा.

"बॅकअप घेता ना?"

मी नाही म्हटलं, तर दात विसरून त्याने तो सुरू करून दिला. कॉम्प्युटर दुरुस्ती हेच त्याचं काम.

काल त्याच कॉम्प्युटरने मान टाकली. त्याचा नंबर शोधताना मला काळजीपेक्षा आनंदच जास्त झाला, हे खोटं कशाला सांगू?

आज त्याने येऊन बॅकअपमधून सगळं परत आणलं... पण प्रत्येक फाइलच्या नावाला तारीख-वेळेची लांबलचक शेपटी लागलेली. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. नावं बदलल्यामुळे पुस्तकाच्या पानांना स्वतःचीच चित्रं सापडेनात, नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत होत्या. आणि संध्याकाळी पुस्तक छापायला जायचं होतं.

"रडू नका," तो म्हणाला. "सगळ्या शेपट्या एकदम काढता येतात."

"मी रडत नाहीये."

"बरं. मग नाक तेवढं पुसा."

"चहा टाकू का गं?" आई आतून म्हणाली. "की आधी भांडून घेताय?"

त्याने एका फोल्डरची प्रत काढून आधी तिच्यावर करून पाहिलं, मगच खऱ्या फायलींना हात लावला. नावं भराभर सुटसुटीत होऊ लागली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण काम संपलं की हा जाणार, एवढंच मनात येत राहिलं.

आणि एका ठिकाणी गाडी अडली. एकाच चित्राच्या दोन फायली होत्या, जुनी आणि नवी. शेपटी काढली की दोन्हींचं नाव एकच होणार होतं.

"कोणती ठेवू?" म्हणत त्याने दोन्ही उघडल्या.

जुन्या चित्रात बाकावर अस्वल एकटंच बसलं होतं. नव्यात त्याच्या शेजारी एक ससा होता... उजवा गाल सुजलेला.

त्याचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. मग त्याने शेपटीवरची तारीख वाचली. "ही तर... मी चुकून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची."

जुनी म्हटलं असतं तर मी सुटले असते.

"नवी ठेवा," मी म्हणाले. "मला तो ससा आवडतो. त्या दिवसापासूनच."

त्याने जुनी फाइल बंद केली.

"दात केव्हाच बरा झालाय," तो हळूच म्हणाला. "तरी वर येतच होतो. दर वेळी तुमच्या दाराशी थांबायचो — पण तुमचा कॉम्प्युटर काही बिघडेना."

मला हसू आवरेना.

"मग... काढू हिची शेपटी?"

"पुस्तकासाठी प्रत करा, तिची काढा. हिची राहू दे. ती तारीख मला हवीये."

त्याने तसंच केलं. शेवटची रिकामी चौकट भरली आणि अस्वलाशेजारी ससा येऊन बसला.

"काकू," त्याने आत हाक मारली, "चहा टाका. भांडण मिटलं."