जयाबाईचं अर्धं लुगडं

“ते बोचकं खाली ठेव की गं मनू. सोनं हाय व्हय त्यात?” श्रीपालनं विचारलं.

“लुगडं हाय. अर्धंच,” मनूच्या धाकट्या भावानं, भरमूनं, सांगून टाकलं.

घाटात वळणं एवढी, की मोटारीला पुढं स्वतःचीच शेपटी दिसत होती. दिवाळीच्या सुट्टीत वडगावच्या पोरांना समुद्र आणि जुनं दीपगृह दाखवून त्याच दिवशी परत आणायचं, असा परशराम गुरुजींचा बेत. श्रीपाल निपाणीचा. मामाकडं आलेला, आणि गुरुजींच्या हातापाया पडून मोटारीत घुसलेला.

मनूची आई, जयाबाई, श्रावणात तापानं गेली तेव्हा तिच्यासाठीचं हे लुगडं मागावर होतं. वडिलांनी, आप्पांनी, ते अर्ध्यावरच कापून काढलं. त्यानंतर ते मागावर बसलेच नाहीत. आईला एकदा समुद्र बघायचा होता, म्हणून आज लुगडं निघालं होतं. “दाखव आणि परत आण,” एवढंच आप्पा म्हणाले होते.

दीपगृहाचा बत्तीवाला शामू पाहुण्यांना वर नेऊन सगळं दाखवायचा. काचेच्या खोलीत पोचल्यावर त्यानं खिडक्यांवरचा पडदा ओढून काढला, म्हणजे बत्तीभोवतीची माणसाएवढी भिंगं झळाळून दिसावीत. “एकदा ह्या बत्तीनं चंद्राचे डोळे दिपले. बिचारा रात्रभर उगवला नाही.”

“आवस असंल,” भरमू म्हणाला.

दुपारी सगळे खाली झाडाखाली भाकरीची फडकी सोडून बसले. घास तोंडाशी नेताना मनू थांबली.

“भरमू, सूत जळतंय.”

भरमूनंही नाक वर केलं. सूत अस्सल आहे का, ते वडगावात धागा पेटवून बघतात. तो वास विणकरांची पोरं आईच्या कडेवरच शिकतात.

मनूनं झाडाला टेकून पेंगणाऱ्या गुरुजींना हलवलं. “कुणी विडी ओढत असेल,” ते डोळे मिटूनच म्हणाले. शामू जिन्याच्या दारात डबा उघडून बसला होता. “कसला वास? जेवण होईपर्यंत वर कुणी जायचं नाही,” तो म्हणाला.

श्रीपाल त्याच्या पुढ्यात जाऊन बसला. “काका, चंद्राचं पुढं काय झालं?”

शामूला तेवढंच हवं होतं. चंद्राच्या डोळ्यांत मध घालायला तो शिडी घेऊन कसा निघाला, हे दाखवायला तो उठून दोन पावलं पुढं आला. तेवढ्यात मनू आणि भरमू त्याच्या पाठीमागून जिन्यात सटकले.

वर धूर कोंडला होता. कललेलं ऊन समुद्राकडच्या काचांतून आत येत होतं आणि भिंगं ते गोळा करून बत्तीपाशी एका ठिपक्यावर ओतत होती. शामूनं पडदा काढून तिथंच कोंबला होता. शेजारी रॉकेलची टाकी.

भरमूनं पडदा ओढून पायाखाली तुडवला. त्याची चाळण झाली होती. ठिपका आता थेट टाकीवर पडला. टाकी हलेना.

“आक्का, ऊन अडव.”

“कशानं रं?”

बोलता बोलता दोघांची नजर मनूच्या काखेतल्या बोचक्यावर गेली.

“परत न्यायचं हाय,” मनू हळूच म्हणाली.

तिनं गाठ सोडली. लुगड्याच्या अर्ध्यावर कापलेल्या टोकाला न विणलेले धागे तसेच लोंबत होते. ते तिनं खिडकीच्या आकड्यांना बांधले, आईनं शिकवलेल्या गाठी मारून. खोलीत हिरवी सावली पडली. ठिपका विझला.

धापा टाकत शामू वर आला. जळका पडदा उचलून त्यानं उजेडात धरला. “टाकी पेटली असती, तर रात्री होड्या कुणाकडं बघून आल्या असत्या?”

मागून आलेले गुरुजी म्हणाले, “मी झोपलो होतो. ह्या पोरांनी बत्ती राखली.” त्यांनी मनू-भरमूच्या डोक्यावर हात ठेवला. मागं उभ्या श्रीपालच्याही.

दुसरा पडदा नव्हता. नवा मागवायला हवा होता. लुगडं मागायचं कसं, ते शामूला कळेना. लुगड्याच्या विणीतून पलीकडं समुद्र दिसत होता. मनू बराच वेळ बघत राहिली.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पण सांजंला काढलं की नीट घडी घाला.”

मोटार वडगावला पोचली तेव्हा आप्पा दारातच उभे होते. मनूचे रिकामे हात त्यांनी पाहिले. तिनं सगळं सांगितलं. ते उंबऱ्यावर टेकले.

“रोज घडी घालणार व्हय त्यो?”

“व्हय, म्हणाला.”

“काठ आत घिऊन घालायची. तुझी आई तशीच घालायची.”

“तसंच सांगून आलोय, आप्पा.”

आप्पांनी तिला जवळ ओढलं. “शाणी गं माझी बाय,” ते म्हणाले, आणि मग त्यांना रडू आलं.